खंडेनवमीआधी तो डबा उघडा

झाशीत हत्यारांची पूजा दोनदा होते. 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा. ती रेल्वेच्या वर्कशॉपची, खरादवाल्यांची, गॅरेजवाल्यांची. मग नवरात्र सरता सरता आपली खंडेनवमी, ती घरातली. दोन्हींच्या मध्ये कधी दोन-तीन आठवडे मिळतात, अधिक महिना आला तर महिनाभरही. पाऊस उघडलेला असतो, ऊन कोरडं पण सोसवेल असं, आणि गव्हाच्या पहिल्या पाण्याला अजून अवकाश असतो. झाशीतल्या आणि झाशीबाहेरच्याही मराठी घरांना माझं एवढंच मागणं आहे, की या दिवसांत तो डबा उघडा.

कोणता डबा ते सांगावं लागणार नाही. कुणाकडे तो डालड्याचा असतो, कुणाकडे पलंगाखालची पत्र्याची पेटी, कुणाकडे माळ्यावरचं गोणपाट. आत जुन्या स्कूटरचा कार्बुरेटर, पाणी ओढायच्या इंजिनाचा पिस्टन, दोन बेअरिंगं, जनरेटरचा प्लग, कशाचं तरी झाकण, आणि तळाशी काळ्या चिखलात रुतलेले नटबोल्ट. लागेल कधीतरी म्हणून ठेवलेलं. ठेवणारा आता सत्तरीला टेकलेला असतो किंवा भिंतीवरच्या तसबिरीत गेलेला असतो, आणि ते सामान कशाचं आहे हे घरात उरलेल्या कुणालाच ठाऊक नसतं.

मी चाळीस वर्षं सिप्री बाजारात छोटी इंजिनं खोलली आणि बांधली. गिऱ्हाईक यायचं, पिशवीतून पार्ट काढायचं आणि म्हणायचं, "नवा कशाला घेता, आमच्याकडे आहे की." असे दहा पार्ट आले तर त्यातले दोन-तीन मला बसवता यायचे. बाकीचे वापरून झिजलेले नसायचे. ते ठेवून ठेवून वाया गेलेले असायचे. चांगला पार्ट इंजिनात चालून जितका मरत नाही, तितका डब्यात पडून मरतो, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता कुणी न विचारता सांगत सुटतो.

ही खोड माझ्या वडिलांची, अण्णांची. आमचं घराणं काही 1742 च्या सुमारास पेशव्यांच्या नारोशंकरांबरोबर इकडे आलेलं नाही. त्या घराण्यांचा मान वेगळा. आजोबा आले ते जीआयपी रेल्वेच्या वर्कशॉपात, जे 1895 साली इथं सुरू झालं. पुढे 2003 पर्यंत झाशी मध्य रेल्वेत होती आणि मुख्यालय मुंबईत, त्यामुळे भुसावळ, पुणे, परळ अशा बदल्यांच्या फेऱ्यात मराठी माणसं येत गेली आणि काही इथलीच होऊन बसली. अण्णाही त्याच वर्कशॉपात फिटर. नारोशंकरांबरोबर आलो नसलो तरी अण्णांचा आवाज मात्र नारोशंकराच्या घंटेचाच होता. त्या आवाजात त्यांनी मला शंभरदा सुनावलेलं वाक्य असं: "ठेवायचं तर लग्नाच्या भांड्यासारखं ठेव, नाहीतर आत्ता भंगारात दे. मधलं काही नाही." मला ते तेव्हा जाचाचं वाटायचं.

त्या मधल्या अवस्थेचा फटका बसला तेव्हा पटलं. मी बावीस-तेवीस वर्षांचा असेन. बरुआसागरचे एक कक्काजू इंजिन घेऊन आले. पौषातली थंडी, वाटाण्याला पाणी द्यायचं होतं आणि इंजिन सुरू होत नव्हतं. डिझेल पंपाचा एलिमेंट गेलेला. माझ्याकडे जुन्या पंपातून काढलेले दोन एलिमेंट होते, दोन्ही उत्तम. फक्त मी ते एकाच वाडग्यात धुतले होते. एलिमेंट म्हणजे एक बॅरल आणि त्यात सरकणारा एक दांडा. हे दोघं कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. त्यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाएवढीही नाही. या बॅरलमध्ये त्या बॅरलचा दांडा घातला की एकतर तो अडकतो किंवा दाब बांधतच नाही. दोन बॅरल, दोन दांडे, आणि कोण कुणाचा ते मला ठाऊक नाही. मी रात्रभर बसलो. एक दांडा मी जबरदस्तीनं सरकवला आणि त्याला ओरखडा पडला. दुसऱ्या दिवशी नवा एलिमेंट आणायला माणूस कानपूरला धाडला. कक्काजूंचं पाणी चार दिवस लांबलं. ते मला काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

म्हणून पहिली गोष्ट जोडीची सांगतो. डिझेल इंजिनात एलिमेंटची जोडी, नोझलची बॉडी आणि तिच्यातली सुई यांची जोडी, डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटची जोडी. या तिन्ही जोड्या आयुष्यभराच्या. एक जोडी धुऊन, जुळवून, बाटलीत घालून झाकण लावल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. धुवायला स्वच्छ गाळलेलं डिझेल. पुसायला फडकं नको, कारण सुताचा एक तंतूसुद्धा या फटीपुढे दोरखंड आहे. हवेवर निथळू द्या. मग औषधाची रुंद तोंडाची बाटली घ्या, तिच्यात शिलाई मशीनचं तेल घाला, इतकं की जोडी बुडेल, आणि झाकण गच्च लावा. डिझेलमध्येच बुडवून ठेवणारे पुष्कळ आहेत. महिनाभर ठीक आहे. वर्षभरात त्यात पाणी उतरतं आणि दांड्यावर तपकिरी ठिपके दिसतात. तो ठिपका म्हणजे पार्ट गेला. पॉलिश पेपरनं घासून तो परत येत नाही.

कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी हीसुद्धा जोडीच. दोन्हींवर एकाच बाजूला सारखा आकडा ठोकलेला असतो. टोपी उलटी बसवून किंवा दुसऱ्याची बसवून चालत नाही. ठेवताना टोपी रॉडला जोडून बोल्ट हातानं आवळून ठेवा. पंपाखालच्या पातळ पत्र्या, ज्यांना आपण शिम म्हणतो, त्या पंपाबरोबर तारेत ओवून ठेवा. त्या किती आहेत यावर इंजिनाचं टायमिंग ठरलेलं असतं. मी एक इंजिन असं पाहिलं आहे की शिमा हरवल्या म्हणून मालकानं पत्र्याच्या डब्याचे तुकडे कापून घातले होते. इंजिन चालत होतं, पण हातोडी मारल्यासारखं.

आता धुण्याबद्दल. इथं थोडं थांबतो, कारण निम्मी माणसं इथंच चुकतात.

पेट्रोलनं धुऊ नका. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी सगळे करतात, कारण पेट्रोल लवकर कापतं आणि लवकर उडतं. त्याची वाफ जमिनीलगत वाहत जाते आणि शेजारच्या खोलीतल्या देवाच्या निरांजनापर्यंत पोचते. घासलेट वापरा. रेशनचं घासलेट आता पूर्वीसारखं मिळत नाही. मग डिझेल वापरा, हात जरा जास्त चिकट होतील एवढंच. पण घासलेटाचाही भरवसा ऋतू पाहून धरा. साधारण 35 ते 40 अंशांना घासलेटाची वाफ पेट घेण्याइतकी सुटते आणि झाशीचा मे महिना 45 च्या पुढे जातो. म्हणजे वैशाखातल्या दुपारी अंगणात ठेवलेलं घासलेट जवळजवळ पेट्रोलसारखंच वागतं. हे काम मी आश्विनात काढायला सांगतो त्याचं हेही एक कारण आहे.

दोन पराती घ्या, जुन्या. पहिलीत मळकं घासलेट, दुसरीत स्वच्छ. आधी लाकडी चमच्यानं किंवा बांबूच्या कामटीनं जाड चिखल खरवडा, मग पहिल्या परातीत भिजत घाला, रात्रभर घातलं तरी हरकत नाही, मग ब्रश. दात घासायचा जुना ब्रश उत्तम. पितळी तारांचा ब्रश लोखंडाला चालतो. ॲल्युमिनियमवर लोखंडी तारेचा ब्रश मारू नका, आणि पिस्टनवर तर नाहीच. पिस्टनच्या डोक्यावरची काजळी लाकडाच्या कामटीनं निघते; रिंगच्या खोबणीतली काजळी काढायला तुटक्या रिंगेचा तुकडा वापरतात, पण तो हलक्या हातानं. खोबणीची कड खरवडली गेली की नवी रिंगही डुगडुगते.

कॉस्टिक सोडा. बाबांनो, हा डबा कार्बुरेटरपासून दूर ठेवा. लोखंडाचं हेड कॉस्टिकच्या गरम पाण्यात घातलं तर लखलखीत निघतं, आणि ते पाहून मग त्याच पाण्यात माणूस पिस्टन टाकतो. पाणी उकळल्यासारखं फसफसतं. तो मळ निघण्याचा आवाज नाही. ते ॲल्युमिनियम विरघळतं आहे आणि वर येणारा वायू हायड्रोजन आहे, ठिणगीला पेटणारा. धुण्याचा सोडा याचाच सौम्य भाऊ. आपल्या आजीची चिंचही तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी; कार्बुरेटरच्या बॉडीला आंबट काही लावू नका.

घासलेटानं तेल निघतं, मीठ निघत नाही. हे मला अण्णांनी बोटाचा ठसा दाखवून शिकवलं. नव्या क्रँकवर घामट हाताचा अंगठा टेकवला, वरून घासलेटाचा बोळा फिरवला, आणि ती क्रँक आषाढात कोनाड्यात ठेवून दिली. पंधरा दिवसांनी अंगठ्याच्या सगळ्या रेषा गंजानं उमटलेल्या. घामातलं मीठ पाण्यातच विरघळतं. म्हणून साधे लोखंडी भाग, म्हणजे सिलिंडर, हेड, झाकणं, ब्रॅकेट, घासलेटानंतर कढत साबणाच्या पाण्यातून काढा, साध्या गरम पाण्यात बुचकळा आणि लगेच उन्हात पत्र्यावर पसरा. लगेच म्हणजे पुढचा चहा होईतो नाही. ओलं ओतीव लोखंड डोळ्यांदेखत नारिंगी होतं. ऊन लागून भाग हाताला चटका देईल इतका तापला की तेल लावायचं. तापलेल्या लोखंडाच्या बारीक छिद्रांतली ओल उडालेली असते आणि तेल पातळ होऊन तिथं शिरतं. त्यानंतर उघड्या हातानं धरू नका. हातमोजे नसतील तर दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. दिसायला वेडं दिसतं, काम होतं.

बेअरिंग पाण्यात घालायचं नाही, आणि हवा मारून गरगर फिरवायचंही नाही. पोरांना तो आवाज आवडतो. कोरडं बेअरिंग असं फिरलं की गोळ्या आणि वाट दोन्ही खरचटतात, आणि कधी पिंजरा तुटून गोळी डोळ्यात जाते. स्वच्छ घासलेटात हलकेच फिरवून धुवा, निथळवा, तेलात बुडवा, ग्रीस दाबून भरा, बटर पेपरात गुंडाळून आडवं ठेवा. आणि नवं बेअरिंग असेल तर पाकीटच फोडू नका. बघू तरी म्हणून फोडलेली पाकिटं मी किती पाहिली! कारखान्यानं लावलेलं तेल तुमच्यापेक्षा चांगलं असतं. एक गोष्ट मात्र फार जणांना माहीत नसते. चालत्या जनरेटरच्या शेजारच्या फळीवर बेअरिंग ठेवलं, तर ते न फिरताच बिघडतं. थरथरीनं प्रत्येक गोळी एकाच जागी घासत राहते आणि वाटेवर खळगे पडतात.

कार्बुरेटरविषयी चेतकवाल्यांना खास विनंती. आकुर्डीत 1972 पासून बनू लागलेली बजाज चेतक ज्या घरात अजून उभी आहे, त्या घरात एक जादा कार्बुरेटर हमखास असतो, आणि त्याच्या वाटीत वाळलेल्या पेट्रोलचा मधासारखा थर असतो. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसू लागते, ती बॉडी कुरतडली जात असल्याची खूण. म्हणून ठेवायचा कार्बुरेटर पूर्ण खोला. फ्लोट, सुई, जेट, रबरी रिंगा वेगळ्या काढा; रबर घासलेटात टाकू नका, फुगतं. जेटमध्ये सुई, टाचणी, स्टोव्हची पिन घालू नका. अशा जेटवर 95 लिहिलेलं असेल तर भोक 0.95 मिलिमीटर आहे, आणि लोखंडी पिन एकदा फिरवली की ते 95 राहत नाही. मग स्कूटर पेट्रोल पिते आणि दोष प्लगला लागतो. वायरीतली तांब्याची एक बारीक तार किंवा मासे धरायच्या गळाची नायलॉनची दोरी घ्या. मग जेट डोळ्यासमोर धरून आकाशाकडे बघा. गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे.

बाकीचं भराभर सांगतो. रिंगा खिळ्याला टांगायच्या नाहीत, सपाट ठेवायच्या, कोणती वरची कोणती खालची ते लिहून. पॅकिंग दोन पुठ्ठ्यांमध्ये, घडी न घालता. प्लगच्या आट्यांना थेंबभर तेल आणि तो आपल्या कागदी नळीत परत. पट्टा टांगू नका, मोठं वेटोळं करून ठेवा. मॅग्नेटोचं चाक फडक्यात गुंडाळा, नाहीतर खोलीतला सगळा लोखंडी कीस त्याला जाऊन चिकटेल; आणि आपटू नका. कॉइलला घासलेट लावू नका, कोरडंच पुसा. जुने ब्रेकचे आणि क्लचचे लायनर हवा मारून झाडू नका, जुन्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असतो आणि तो छातीत बसला की निघत नाही; ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. नोझल ठेवण्याआधी तपासायचं असेल तर फवाऱ्यासमोर हात धरू नका. दोनशे किलोच्या आसपासच्या दाबानं येणारं डिझेल कातडी भेदून आत जातं, आणि तसं झालं तर बाहेरून जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा.

रबराचं एवढंच, की ते साठवून ठेवायची वस्तूच नव्हे. ऑइल सील, ओ-रिंग, डायफ्राम यांचं पडून राहण्याचं आयुष्य सहा-सात वर्षं धरा. अंधारात, शंखजिऱ्याची पूड लावून, सपाट. वडिलांच्या काळातलं सील नवंकोरं दिसत असेल. नखानं दाबा, नखाची खूण राहिली किंवा कड चिरली तर फेका.

आता तेल कोणतं? गाडीतून काढलेलं काळं तेल नको. वाया जातंय तर लावू म्हणून लोक तेच चोपडतात. त्या तेलात जळणाचं आम्ल आणि पाणी उतरलेलं असतं. ते लावणं म्हणजे गंजाला घरी जेवायला बोलावणं. आणि मोहरीचं, शेंगदाण्याचं तेलही नको, सहा महिन्यांत त्याचा डिंक होतो. दत्तमूर्तीला लावायचं खोबरेल कार्बुरेटरला लावलेलं मी पाहिलं आहे, भक्तिभाव कळतो, पण नको. एका हंगामासाठी ठेवायचं तर नवं, स्वच्छ इंजिन ऑइल. वर्षानुवर्षांसाठी तर तेलाचा थर गळून खाली उतरतो, म्हणून ग्रीसचा पातळ हात.

आणि झाशीची हवा लक्षात घ्या. आठ महिने इथं इतकं कोरडं असतं की लोखंड गंजतं यावर विश्वास बसत नाही. पण हवेतली ओल साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की गंज धावायला लागतो, आणि ती आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस तिथं असते. त्याहून वाईट पहाटेची वेळ. रात्री जड लोखंड गार होतं, सकाळची दमट हवा त्याला लागते आणि त्यावर घाम फुटतो, गार पाण्याच्या तांब्याला फुटतो तसाच. पत्र्याच्या छपराखाली हे रोज घडतं. म्हणून सामान छपराच्या खोलीत नको, घरातल्या मधल्या खोलीत, भिंतीपासून चार बोटं दूर, जमिनीपासून वर. वर्तमानपत्रात थेट गुंडाळू नका, तो कागद ओल धरतो. आधी बटर पेपर किंवा तेल पाजलेला कागद, त्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवी बांधायची ती कोरड्या दुपारी, पावसाळी सकाळी नव्हे. नाहीतर पावसाळाच पिशवीत कोंडला जातो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकता येतात. निळ्या दाण्यांच्या गुलाबी झाल्या की बदलायच्या. त्या स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नका, तो निळा रंग विषारी असतो.

एक शेवटची जागा सांगतो, जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली. माझ्या ओळखीच्या एका घरात सगळं नीट तेल लावून ठेवलं होतं आणि दोन महिन्यांत कपाटभर गंज आला. खालच्या कप्प्यात ती बाटली होती, बूच सैल. तिची वाफच पुरते. ब्लीचिंग पावडर, मीठ, युरिया, बॅटरी, यांतलं काहीही सामानाच्या खोलीत नको. शेतकरी घरात खत आणि इंजिनाचे पार्ट एकाच कोठीत असतात. एक दिवस काढून निदान तेवढं वेगळं करा.

इतकं सगळं करूनही चिठ्ठी नसेल तर ते भंगारच. खूण खडूनं केली तर तेलात पुसते, बॉलपेनची शाई पसरते. जाड पुठ्ठ्याचा तुकडा आणि शिसपेन्सिल. पेन्सिलीला तेल काही करत नाही. तारेनं पार्टला बांधा. काय लिहायचं? कोणत्या इंजिनाचा, कुठून काढला, कधी, कोणत्या मापाचा आणि कसा आहे. पिस्टनच्या डोक्यावर 0.25 किंवा 0.50 ठोकलेलं असतं, म्हणजे बोर तेवढा वाढवलेल्या सिलिंडरचा. एसटीडी असेल तर मूळ मापाचा. पाच हॉर्सपॉवरच्या किर्लोस्कर एव्ही-1 चा बोर 80 मिलिमीटर असतो, पण त्याच्या भावंडांमध्ये 87.5 चंही इंजिन आहे, आणि डब्यातला पिस्टन नुसत्या नजरेनं ओळखता येतो असं वाटणारे लोकच रात्री नऊ वाजता माझं दार वाजवायचे. "कसा आहे" यापुढे खरं लिहा. "चालू इंजिनातून काढला" वेगळं, "मिस्त्री म्हणाला चालेल" वेगळं, आणि "माहीत नाही" हेसुद्धा लिहा. त्या दोन शब्दांनी पुढच्या माणसाचा अख्खा दिवस वाचतो.

आणि चिठ्ठी मराठीतच लिहायची असं नाही. आमच्या अण्णांनी वर्कशॉपच्या सवयीनं इंग्रजीत लिहिलं, मी मराठीत, आणि माझी नात हिंदीत वाचते. ज्याला ती वाचावी लागणार आहे त्याच्या भाषेत लिहा. घरात सुनेला, लेकीला, नातवाला एकदा डबा उघडून दाखवा. सामान पुरुषांचं, अशी समजूत झाशीत तरी कुणी बाळगू नये.

सगळंच ठेवायचं नाही हेही सांगायला हवं. तडा गेलेलं हेड, आटे गेलेला प्लग, ओरखडलेला लायनर, एकटे राहिलेले बॅरल, ज्या इंजिनाचा ते भाग आहेत ते इंजिनच घरात नाही आणि गावातही कुणाकडे नाही असे पार्ट. हे वजनावर द्या. ओतीव लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ वेगळं केलंत तर भंगारवाला भावही वेगळा देईल, मिसळलेलं दिलंत तर सगळं लोखंडाच्या भावात जाईल. अण्णांची एक पितळी पुली मी असाच उचलून दिली आणि वर्षभर रुखरुख लागून राहिली. तरी ती देण्याचीच होती.

उरलेलं मळकं घासलेट नाल्यात ओतू नका. नाला पुढे लक्ष्मी तालाला मिळो नाहीतर पहूजला, कुणाच्या तरी म्हशी तिथं पाणी पितात. कॅनमध्ये आठवडाभर राहू द्या. गाळ खाली बसतो, वरचा निवळ पुढच्या वर्षी पहिल्या परातीला चालतो. तळचा गाळ ज्या गॅरेजात जुनं तेल गोळा करतात तिथं द्या.

आता दुकान मुलाकडे आहे आणि त्याच्याकडे येणाऱ्या नव्या गाड्यांना कार्बुरेटरच नसतो, त्यामुळे मला वेळच वेळ आहे. विश्वकर्मा पूजेनंतरच्या प्रत्येक रविवारी, खंडेनवमीपर्यंत, माझ्या अंगणात दोन पराती मांडलेल्या असतील. सिप्री बाजारात कुणालाही विचारलंत तर घर सापडेल. डबा घेऊन या, तसाच, काही न धुता. एलिमेंट आणि नोझल असतील तर त्यांच्यासाठी झाकणाच्या बाटल्या आणा, जितक्या जोड्या तितक्या. सुती फडकी आपापली आणा, माझी संपतात. चहा मिळेल, पण तो हात धुतल्यावर.